कहांडोळाचा डिंक

बा, तू गेल्याला इतकी वर्षं झाली की झरीच्या आपल्या घरावर आता कौलंही राहिली नाहीत, भावाने पत्रे टाकले. तुला कधी लिहावं असं मनात आलं नव्हतं. पण आज दुपारी घरात कोणी नाही, आणि मी एवढी दमले आहे की ज्याला उत्तर द्यावं लागत नाही अशाच माणसाशी बोलावंसं वाटतंय.

तुझ्या जावयाला तू पाहिलं नाहीस. अच्छाडला हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. यंदा पावसाळ्याआधी त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. पलीकडे गुजरातेत ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण शौच आता पोटावर पाडलेल्या वाटेने पिशवीत येतं. कायमचं. पिशवी बदलते मी. सुरुवातीला ती टिकायचीच नाही. कडेने सुटायची, अंथरूण भरायचं, भोवतीची कातडी सोलून लाल झाली होती. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. "नको हात लावू," म्हणायचे. दुकान बंद. पोटातून काही यायलाच नको म्हणून जेवण तोडलं. पेजेची वाटी मी ठेवायची आणि तशीच उचलायची. हाडं दिसायला लागली तशी मला वाटलं, गाठीतून वाचलेला माणूस हा असाच पडून पडून जाणार.

मग तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या नर्सने एक डबी उघडली. आत पांढुरकी पावडर. तिचा आंबूस वास आला आणि बा, मी दवाखान्यातून थेट आपल्या ओसरीवर. उन्हाळा आहे. तू डोंगरावरून उतरतोयस, टोपलीत कहांडोळाच्या झाडाचा डिंक, शिळ्या ताडीसारखा वास घरभर. आई गवत कापायला गेली आहे आणि दोन दिवस शौचाला न झाल्याने माझं पोट गच्च धरलंय, म्हणून तूच चुलीपाशी बसून डिंकाचा खडा पाण्यात भिजवून ठेवला आहेस. तो विरघळत नाही, नुसता फुगत राहतो, वाटीभर होतो. मी तोंड वाकडं करते तर तू डाफरतोस, "गिळ ना! चघळतेस काय, चिंच हाय का ती?" मी रडत रडत गिळते. मग तू कनवटीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवतोस आणि म्हणतोस, आईला सांगू नको.

"बेन, आ कडायानो गुंदर छे," कडायाचा डिंक आहे म्हणून नर्स सांगत होती. "चामडी कोरी करून लावा, मग पिशवी पकडेल." मी म्हटलं, आमच्याकडे कहांडोळ म्हणतात, माझा बाप काढायचा. ती हसली, "तो तमने शुं शीखवाडुं!" पण शिकवलं तिनेच, हात धरून, किती भुरभुरायची, किती झटकायची.

घरी आल्यावर मी पावडर लावत होते तेव्हा ह्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "काय आहे?"

"माझ्या बापाचा डिंक."

त्यांनी मान वळवून डबीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे सासरा चिकटला म्हणायचा मला. जिवंत असता तर एवढा जवळ आला नसता." आणि हसले. पोट हलेल म्हणून हाताने दाबून धरून हसले. कित्येक महिन्यांनी ऐकला तो आवाज.

पिशवी सकाळपर्यंत टिकली. पुढेही टिकत गेली. कातडी सुकली, मग ह्यांनी अख्खी भाकरी मागून खाल्ली. आज शर्ट बाहेर सोडून माझ्यासमोर उभे राहिले. "दिसतंय का काही?" मी म्हटलं, नाही. किक मारली आणि दुकानावर गेले. शेजारीण म्हणाली, तुझे दिवस फिरले बघ. मी मान हलवली, दार लावलं आणि जमिनीवरच झोपले. उठल्यावर हे लिहायला बसले.

कागद कुठे पाठवायचा नाही, घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवीन. आता गाडीचा आवाज येतोय. ते धडधाकट परत आलेत, ह्याचा आनंद आहेच. पण बा, अजून तासभर उशिरा आले असते तरी चाललं असतं मला.