दोन मुलांचे धोरण

४ जून १९७३, मंगरूळपीर
आजपासून शिपाई म्हणून पर्मनंट. शिक्षण वाढले की मिळकत वाढते, आणि मिळकत वाढली की मुले कमी होतात. हा विचार माझा स्वतःचा आहे. दवाखान्याच्या भिंतीवरही लिहिलेला आहे. देवमनदादा चौथीपर्यंत शिकला, त्याला पाच मुले. मी मॅट्रिकपर्यंत गेलो (गणितात राहिलो). त्या प्रमाणात मला दीड येते. दोन धरली.

१९ मे १९७४
लग्न झाले. अंजना आसेगावची, सातवी पास. पहिल्याच दिवशी तिला धोरण समजावले. ती म्हणाली, बरं हाय. मग म्हणाली, पह्यले झाकणाचा डबा आणा, उंदरं तांदूळ खाऊन राह्यले. विचार जुळतात.

२४ जून
दादा कामरगावहून आला. सोबत थोरला इंद्रभान, ट्रंकेसह. म्हणाला, म्यां वखर हाकून तुले शिकवलं, आता याले तू शिकव. नकाराचे तीन मुद्दे तयार होते. पहिला काढणार तोच अंजनाने इंद्रभानपुढे ताट ठेवले. तो शिकला तर पुढे त्याला मुले कमी होतील. म्हणजे धोरणात बसते.

२ जुलै
दादाचा दुसराही आला. पहिल्याले करमत नाही म्हणे.

१ ऑगस्ट
पगारवाढ. कोणालाही सांगायचे नाही.

७ ऑगस्ट
विमलआत्याचे दोन नातू शाळेसाठी आले. वाढीची बातमी कशी फुटली कळत नाही. मी फक्त आईला सांगितली होती.

११ सप्टेंबर
अंजनाला दिवस गेले. निश्चय: बाळ येण्याआधी चौघांना परत पाठवणे. रविवारी दादाला स्पष्ट सांगणार.

१५ सप्टेंबर
कामरगावला गेलो. वहिनीने कोंबडी केली होती. स्पष्ट बोलण्यासारखे वातावरण नव्हते.

२० नोव्हेंबर
कुटुंब नियोजनाच्या नर्सबाई आल्या. अंगणातली पोरे मोजून म्हणाल्या, शिकलेले दिसता, काहून असं? मी म्हणालो, बाई, यात माझे एकही नाही. त्या म्हणाल्या, पकडले की सारेच असं म्हणतात. अंजना आत तोंडात पदर कोंबून हसत होती.

२ एप्रिल १९७५
आसेगावहून निरोप. मुलगी झाली. दोनपैकी एक, वेळेवर.

१० मे
पोरे सुट्टीत गावी गेली. घर केवढे मोठे आहे.

२२ जून
पोरे परत आली. त्यांना खिचडी लावायला सांगून मायलेकींना आणायला आसेगावला गेलो. सासूबाई म्हणाल्या, जावई, पाळणा टांगाले जागा हाय का तुमच्या घरी? अंजना म्हणाली, त्या पोरांचं शाळेचं वरीस होऊ द्या, मंग येतो. माझ्याकडे पाहिले नाही. मुलगी माझे बोट धरून झोपली. सोडवेना. बस चुकली.

दुसऱ्या बसने आलो. सासूबाईंनी धाकटा मेहुणा सोबत दिला. आसेगावात आठवीचा वर्ग नाही.

धोरण कायम आहे. मला मूल एकच. ते आसेगावला असते.