सोमवारच्या मीटिंगमध्ये माझं संपूर्ण लक्ष

३ मार्च, सोमवार
आजपासून मीटिंगमध्ये संपूर्ण लक्ष. इकडचं जग तिकडे झालं तरी.

कारण: साहेबांनी मला (सुटे भाग विभाग) विचारलं, वॉशरचा स्टॉक कधी येणार? मी म्हणालो, पूर्ण सहमत आहे. सगळे हसले. खरेदी विभागातला टाचणी (काटकुळा आहे आणि टोचतो) सगळ्यात जास्त हसला.

शेवटचा विषय मात्र मी नीट ऐकला. रेल्वेने चौदा तासांवर कंपनीचं नवं गोदाम होतंय. पंपांचे सुटे भाग यापुढे तिथून जाणार. तिथे किमान तीन वर्षांसाठी अनुभवी माणूस हवा. मी किंवा टाचणी. निर्णय चोवीस तारखेच्या मीटिंगमध्ये.

सौ.ची इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कायमची नोकरी. लेक पुढच्या वर्षी दहावीत. मी गेलो की घराचे दोन तुकडे.

पण घाबरायचं कारण नाही. मीटिंगमध्ये लक्ष देणारा माणूस साहेब गोदामात कशाला पाठवतील? तीन आठवडे आहेत. भरपूर झाले.

४ मार्च
नवी वही. चार रंगांची पेनं. लाल म्हणजे निर्णय, हिरवं माझी कामं, निळं इतरांची कामं, काळं किरकोळ.

सौ. म्हणाली, पेनं राहू द्या, उद्या सरळ साहेबांच्या केबिनमध्ये जा आणि सांगा की मला जमणार नाही. तिला ऑफिस कळत नाही. अशा गोष्टी मीटिंगमध्ये, योग्य वेळी, मुद्देसूद मांडायच्या असतात.

१० मार्च, सोमवार
मीटिंग साडेदहा ते पावणेदोन. पहिली अकरा मिनिटं अफाट लक्ष. मग लाल पेनाचं टोपण पडलं. टेबलाखाली वाकलो. तिथे एक बूट एकटाच. जोडीदार कुठे? बराच वेळ शोधला. शेवटी लागला छडा: साहेब एक पाय मांडीखाली घेऊन बसतात. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. याला म्हणतात निरीक्षण.

वर आलो तर विषय बदललेला आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मी वहीत ‘हो’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. लाल पेनाने.

एकूण प्रगती आहे.

११ मार्च
सौ.ने विचारलं, बोललात का? म्हणालो, वातावरण तयार करतोय.

१७ मार्च, सोमवार
वही रद्द. वहीमुळेच लक्ष उडतं. नवी पद्धत: बोलणाऱ्याच्या डोळ्यांत थेट बघायचं आणि मधूनमधून हसून मान हलवायची.

टाचणीचं प्रेझेंटेशन. त्रेपन्न स्लाइड. पठ्ठ्यावरून नजर हटवली नाही. त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, बाकीच्यांपेक्षा दुप्पट लांब. हा घरी कोणाला दिसत नसेल का? बायको सांगत नसेल का? असले केस उपटावेत की कापावेत? भानावर आलो तेव्हा स्लाइड नंबर एक्कावन्न. बाकीच्या कुठे गेल्या, देव जाणे.

पण साहेब मीटिंगनंतर म्हणाले, आज तुम्ही फार मन लावून ऐकत होता. घ्या! पद्धत लागू पडली.

टाचणीने दारात गाठून विचारलं, माझं काही चुकलं का, असं का बघत होता? मग म्हणाला, घरी जुळी पोरं आहेत, आठ महिन्यांची, चोवीसला मी ही अडचण मांडणार आहे, तुम्हीही तुमची मांडा. मला सल्ला देतोय. स्वतःची भुवई बघ म्हणावं आधी.

२३ मार्च, रविवार
घरी सराव. लेकीने वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक अर्धा तास वाचून दाखवलं आणि वर पाच प्रश्न विचारले. एक बरोबर आला. तोही अंदाजाने. पण वॉशिंग मशीन हा काही माझा विषय नाही.

मग माझं भाषण पाठ केलं. तीनच मुद्दे: सौ.ची नोकरी, लेकीची दहावी, माझा इथला अनुभव. सौ. म्हणाली, छान आहे, एवढंच बोला, जास्त काही करू नका. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही गेलात तर मला गणित कोण शिकवणार? पोरीला म्हटलं, मी कुठेही जात नाही.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ९:४०
तयार.

दुपारी २:१५
खिडकीबाहेर बघितलं नाही. डुलकी नाही. पूर्ण वेळ मनातल्या मनात तीन मुद्दे घोकत होतो. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. वर चेहरा हसरा, मान हलती. आता विचारतील, मग विचारतील. इतकी एकाग्रता आयुष्यात साधली नव्हती. एकदम खुर्च्या सरकल्या. मीटिंग संपली होती.

गोदामाचा विषय निघाला नाही बहुतेक.

३:३०
निघाला असावा. टाचणीने माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, जन्मभर विसरणार नाही. म्हणजे हा चालला! निरोप घेत होता बिचारा. मी त्याची पाठ थोपटली आणि म्हणालो, हवापाणी चांगलं असतं तिकडे. तो बुचकळ्यात पडलेला दिसला. धक्का बसला असणार.

संध्याकाळी ७
घरी सांगितलं. लेकीने उडीच मारली. सौ.ने डोळे पुसले. बाहेर जेवायला चाललोय.

२६ मार्च
मीटिंगचा वृत्तांत टाइप होऊन आला. मुद्दा क्रमांक नऊ. ‘साहेबांनी दोघांनाही अडचण विचारली. खरेदी विभागाने लहान मुलांची अडचण सांगितली. सुटे भाग विभागास, आपण जाल का, असे तीन वेळा विचारण्यात आले. त्यांनी तिन्ही वेळा हसून मान हलवली. सभेने टाळ्या वाजवून अभिनंदन केले.’

टाळ्या आठवतात. मीही वाजवल्या होत्या.

केबिनमध्ये गेलो. तिन्ही मुद्दे मांडले, एकही शब्द न चुकता. साहेब म्हणाले, अहो, हे परवा बोलायचं ना, आता वरून सही होऊन आली. एक मेपासून. आणि म्हणाले, तुमच्यासारखा ऐकून घेणारा माणूस तिथे हवाच होता.

२७ मार्च, संध्याकाळी
काल टाळलं. आज सांगितलं.

सौ. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून समोर बसली आणि शांतपणे बोलायला लागली. लॅब, रजा, लेकीची शाळा, तिकडचं घर. मनाशी म्हटलं, गड्या, आज एक शब्द सुटता कामा नये. बाकी सगळं गेलं खड्ड्यात, हे ऐकायचंच. तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. किती दमलीय ही. डोळ्यांखाली काळं झालंय. कधीपासून? रोज समोर बसून जेवतो, मला कसं दिसलं नाही? चौदा तासांवरून मला काय दिसणार?

ती थांबली होती. म्हणाली, मग चालेल ना तुम्हाला असं?

मी म्हणालो, हो.

ती उठून आत गेली. त्या दोघी माझ्याबरोबर येणार आहेत की इथेच राहणार आहेत, ते मला माहीत नाही.