पिवळ्या दिव्याची उघडझाप

मारेगाव,
१९ नोव्हेंबर २००७

लाडक्या तमन्ना बेटीला,
अब्बूचा सलाम आणि भरभरून दुआ.

इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुझ्या अम्मीचे गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत ठीक आहे. कापसाच्या गाड्या रस्त्यावर रांगेने उभ्या आहेत. भाव नाही म्हणून सगळे चिडलेले, आणि चिडलेला ड्रायव्हर क्लच जाळतो. त्यामुळे माझं दुकान चालू आहे.

पत्र मिळालं. आधी व्हॅनचं बोलू.

इंजिनाचा पिवळा दिवा विझत नाही, आणि तुमच्या ढाणकीचा मिस्त्री म्हणतो मोठ्या शहरात नेऊन कॉम्प्युटर लावा. काही गरज नाही. जुन्या गाडीचा दिवा स्वतःच सांगतो काय दुखतंय ते. स्टेअरिंगखाली हात घाल. एक छोटा प्लग मोकळाच लोंबकळत असेल. त्यातल्या दोन खाचांवर मी लाल ठिपके देऊन ठेवलेत. तू घरी विसरून गेलेली नेलपॉलिश, दुसरं काय! वायरचा वीतभर तुकडा घे, दोन्ही टोकं सोल आणि ठिपक्याला ठिपका जोड. मग चावी फिरव, पण गाडी स्टार्ट करू नको.

दिवा लुकलुकायला लागेल. आधी एकदा, मग थोडं थांबून चारदा, असं आलं तर इंजिनाच्या गरमीचा सेन्सर. बहुतेक तोच असणार, कारण सकाळी थंडीत स्टार्ट व्हायला रडते असं तू लिहिलंयस. पुढच्या सीटखाली, पाण्याच्या नळीजवळ त्याचा प्लग आहे. इंजिन थंड असताना काढ, पूस, घट्ट बसव. बॅटरीची एक वायर थोडा वेळ सोडून परत लाव आणि एक फेरी मारून ये. मग पुन्हा बघ. एकदा, थांबून दोनदा, असं आलं की समज, गाडीची काही तक्रार नाही. वेगळंच काही आलं तर मला कळव, लागेल तो पार्ट एसटीने पाठवतो.

झालं व्हॅनचं. जेवण वेळेवर करतेस ना? तिथे थंडी कशी आहे?

बघ, टाळतोय मी. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "अब्बू, त्या वर्ध्याच्या स्थळाला मी नाही म्हटलं, तेव्हापासून तुम्ही फोनवर येत नाही. तुम्हाला एवढं लागलं असेल तर मी हो म्हणते. ही नोकरीपण सोडते." दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि मी स्टुलावर बसलोच.

खबरदार हो म्हणशील तर! तो मुलगा मलाही आवडला नव्हता. सगळा वेळ स्वतःचंच सांगत बसला. आणि नोकरी कशाला सोडतेस? गावोगाव जाऊन, ज्यांच्या घरातला माणूस गेला त्या बायकांजवळ तू बसतेस, त्यांचं ऐकून घेतेस. मी चारचौघांत किती मिरवतो ते अम्मीला विचार.

मग फोनवर का येत नाही? सांगतो. मागे पुंडलिकराव त्यांची पेट्रोलची कार घेऊन आले होते. तेच ते, आपल्याला दरवर्षी तूर आणून देतात. मी बॉनेट लावलं, सीटवर बसलो आणि चावी फिरवली. बाजूने कापसाचा ट्रक जात होता, हादरा मला त्याचाच वाटला. पुंडलिकराव धावत आले आणि माझा हात धरला. त्यांच्या ओठांवरून कळलं, "हबीबभाई, काय करून राह्यले तुमी? गाडी तं चालूच हाये!"

स्टार्टर नुसता किंचाळत होता म्हणे. तुझा अब्बू घरात बसून रस्त्यावरची गाडी कोणाची ते सांगायचा, आणि त्याला समोरचं चालू इंजिन ऐकू आलं नाही. पुंडलिकराव हसले नाहीत. जवळ येऊन, तोंड मोठं करून म्हणाले, "मी कोनाले सांगत नाही." हसले असते तर बरं वाटलं असतं.

कान गेले बेटा. माणूस समोर असला की तोंड बघून निभावून नेतो, फोनवर काय बघू? तुझा आवाज आला नाही तेव्हा आधी वाटलं फोनच बिघडला. मग अम्मीच्या हातात दिला आणि तिला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून. नेमकं तेव्हाच ते स्थळाचं झालं. तू काय समजशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अम्मी तुझं सगळं बोलणं नंतर मला हातवारे करून सांगते, पण तिच्या सांगण्यात तुझं हसू येत नाही. मला तुझा आवाज फार आठवतो.

यवतमाळचे डॉक्टर कानाला मशीन लावा म्हणतात. मी गेलो नाही. लाज वाटते असं अम्मीला सांगतो, पण खरं म्हणजे भीती वाटते. मशीन लावूनही ऐकू नाही आलं तर? तू घेऊन चल, तू बरोबर असलीस तर मी येईन.

व्हॅन नीट झाली की ये. दुकानासमोर हॉर्न वाजवत बसू नको. गाडीचे मोठे लाइट मार. आधी एकदा, थोडं थांब, मग दोनदा. मी स्टूल रस्त्याकडे फिरवून ठेवलाय.

तुझ्याबद्दल काहीच तक्रार नसलेला,
अब्बू