अळणी नवस

६ जानेवारी, अमरावती

पुस्तक फेकावंसं वाटलं. फेकलं नाही — संध्या मॅडमचं आहे, आणि शाळेत त्या माझ्या समोरच बसतात. "वाच, रडशील," म्हणाल्या होत्या. रडते कसली, चिडले!

जहाज बुडतं, चौघं एका होडीत उरतात. भोवती समुद्र, प्यायला एक पिंप गोडं पाणी. त्यांच्यातला म्हातारा आचारी रोज आपल्या वाटचा पेला दुसऱ्याकडे सरकवतो. म्हणतो, माझा उपास आहे. बाकीचे हात जोडतात आणि पितात.

लिहिलंय मात्र सुरेख. वाचताना आमच्या गावची विहीर आठवली. खारपाणपट्ट्यातलं गाव — विहीर तुडुंब, पण घोट तोंडात धरवत नाही. पाण्याजवळ बसून तहानेनं जीव जाणं आम्हाला कोणी शिकवायला नको. पण दर दोन पानांनी देव कशाला आणायचा?

९ जानेवारी, अकोला

दादाचं डायलिसिस. रजा टाकून आले. त्याच्या शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवलं. किडन्या गेल्यापासून त्याला पाणीही मोजून मिळतं — दिवसभरात लहान तांब्याभर, बस. पेल्याचं पान आलं तसे त्यानं डोळे मिटले.

"हे लिहिनाऱ्यानं तहान पायली हाये, प्राजू. पुढं वाच."

किडनी देण्यासाठी नागपूरला माझ्या तपासण्या चालू आहेत. रक्तगट जुळलाय. आईचं वय झालं. वहिनीचं नाव निघालं होतं, ते दादानं एका वाक्यात मिटवलं — "तिची नाही घेनार. दोघंबी खाटेवर पडलो तं पोरायकडे कोन पायीन?" म्हणजे उरले मी. द्यायची आहे, दादासाठी द्यायचीच आहे. पण भीती वाटते. कोणाला सांगत नाही, इथे लिहिते — खूप वाटते.

१० जानेवारी, अकोला

प्रणाली वहिनीचा नवस! दिवाळीपासून चालू आहे. दादा बरा होईस्तोवर मीठ वर्ज्य, आणि रोज पहाटे देवीच्या देवळापर्यंत पायी. देऊळ पार गावाच्या त्या टोकाला. दादाचं मीठ डॉक्टरनी तोडलं, हिनं देवीसाठी सोडलं. आज माझ्यासमोर अळणी पिठलं-भाकर खाल्ली, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आईला कोण कौतुक. "असी सून दिवा घेऊन धुंडली तरी भेटायची नाही."

पोट कापून घेणार मी, आणि पावणार देवी. राहवलं नाही. "वहिनी, मीठ सोडून किडनी मिळते का हो?"

ती हसली. "भेटीन ना, ताई. तुमी जेवा, भाकर थंडी होऊन राहिली."

हिच्याशी भांडताही येत नाही.

१४ जानेवारी, अमरावती

संक्रांत. वहिनीचा फोन — "तिळगूळ घ्या ताई, गोड बोला." टोमणा होता की काय?

१८ जानेवारी

पुस्तक संपलं. आचारी मरतो, तिघं वाचतात. किनाऱ्याला लागल्यावर त्यांच्यातला एक जण गावोगाव सांगत सुटतो की म्हाताऱ्याच्या उपासाला देव पावला. इथेच संपवलंय.

अरे बाबांनो, देव कुठला! त्यानं स्वतःच्या वाटचं पाणी तुम्हाला पाजलं म्हणून जगलात. उपास हे निमित्त. नुसतं "घ्या" म्हणाला असता तर तुम्ही पेला घेतला नसता. एवढं साधं, मला पहिल्याच पेल्याला कळलं, आणि तिघांना शेवटपर्यंत कळू नये?

मधल्या सुट्टीत संध्या मॅडमना हे सगळं ऐकवलं. त्या डबा पुसत म्हणाल्या, "पण त्याचा उपास खोटा होता असं कुठे लिहिलंय?"

तरी माझंच बरोबर आहे. फक्त तो म्हातारा डोक्यातून जात नाही. भाजी निवडतानाही येऊन बसतो.

२३ जानेवारी

नागपूरहून डॉक्टरांचा फोन. माझी किडनी घेता येणार नाही. साखर निघाली.

फोन ठेवला आणि आधी काय वाटलं? सुटले! हेच वाटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन धाय मोकलून रडले. दादाला फोन केला. तोच मला समजावत होता — "जाऊ दे ना वं, साखर सांभाळ आता." आई मागून म्हणाली, आता सारं देवीवर.

एरवी मी फटकन बोलले असते. आज 'हो' म्हणून फोन ठेवला.

२५ जानेवारी

शाळेत उद्याच्या झेंडावंदनाची तालीम. पोरं चुकत होती, मी ओरडलेही नाही. दादाचं कसं होणार?

१ फेब्रुवारी, अकोला

पहाटे वहिनीबरोबर देवळात गेले. मनात काय होतं कोण जाणे, हात मात्र जोडले. ती झपाझप चालते, मला धाप लागली. पायरीवर बसलो तेव्हा तिनं सांगितलं.

माहेरी जाते म्हणून ती दिवाळीआधी नागपूरला जाऊन तपासून आली होती. सगळं जुळलं, बीपी तेवढं काठावर. डॉक्टर म्हणाले, मीठ तोडा, रोज चाला, मग पाहू. काल त्यांचा होकार आला.

"अन नवस?"

"नवस म्हटलं म्हून कोनी इचारलं नाही, ताई. डॉक्टरनं सांगतलं म्हटलं असतं, तं तुमच्या दादानं त्याच दिवशी मिठाचा डबा माह्या पुढ्यात ठेवला असता."

"म्हणजे नवस खोटाच."

"काहून खोटा? नवसबी हाये, बीपीबी हाये."

दादाला दुपारी सांगायचं आहे. वहिनी म्हणते, तुमी सांगा, माह्यं थे आयकत नाहीत. आधी त्याला पुन्हा ते पेल्याचं पान वाचून दाखवते. मग म्हणावं, आता नाही म्हणून दाखव.