पाव फेरा मागे

३ मार्च
बायकोच्या धाकट्या भावाच्या डायव्हिंग स्कूलमध्ये रुजू. खातं: हवेच्या टाक्या. मेव्हणा म्हणाला, दाजी, व्हॉल्व्ह हळू उघडायचा, पण पूर्ण उघडायचा. मी मान डोलावली. आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं माझं, आणि हा मला व्हॉल्व्ह शिकवणार!

५ मार्च
टाकी उभी ठेवली होती. पडली. मेव्हणा पांढराफटक. व्हॉल्व्ह तुटला असता तर टाकी भिंत फोडून गेली असती म्हणे. अतिशयोक्ती त्यांच्या घराण्यातच आहे.

९ मार्च
माझी पद्धत: पूर्ण उघडायचं, मग पाव फेरा मागे. व्हॉल्व्ह अडकत नाही. मेव्हणा म्हणतो, ते सोडा. चुकून उलटं फिरवून बंद केलंत, तर मागच्या पाव फेऱ्याने व्हॉल्व्ह जेमतेम उघडा राहतो. वर हवा येते, खोल गेल्यावर येत नाही.
हो म्हणालो. पद्धत चालू.

१४ मार्च, सकाळ
मेव्हणा आणि बायको पाण्यात उतरणार. त्याने टाकी स्वतः उघडून पाठीवर घेतली होती. तरी मी मागून खात्री केली. अडेपर्यंत फिरवलं, पाव फेरा मागे. चोख काम.
तो श्वास घेई तशी त्याच्या हवेच्या मीटरची सुई खाली जाई, पुन्हा वर येई. बायकोने विचारलं, ही का नाचतेय? म्हटलं, लाटा.
दोघं उतरले. पाणी फारच शांत होतं.

१४ मार्च, दुपार
खाली त्याची हवा तुटली. बायकोने स्वतःच्या टाकीची जादा नळी त्याच्या तोंडात कोंबली. दोघं एकाच टाकीवर वर आले. त्याचे ओठ निळे. बोटवाल्याने त्याचा व्हॉल्व्ह फिरवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हल्ली माल हलका येतो.


१५ मार्च
संकल्प: मेव्हण्याला शास्त्रीय खुलासा द्यायचा.
दिला. त्याने पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाला, दाजी, मी ओढत होतो आणि काहीच येत नव्हतं.
भावनाप्रधान माणूस. आज बोलण्यात अर्थ नव्हता.

१८ मार्च
नवीन खातं: टॉवेल. बढतीच म्हणायची, माणसांशी थेट संबंध येतो.
बायको आज पुन्हा निघाली, टाकी पाठीवर. म्हटलं, थांब, एकदा बघतो. ती गर्रकन वळली आणि धक्क्यावरून बोटीपर्यंत उलट्या पावलांनी चालत गेली. बोट सुटेपर्यंत तिची नजर माझ्या हातांवर होती.