ग्लेझ जरा जास्त झालं

…तर मी गाडीच्या मागच्या दारापाशी उकिडवी बसून फडक्याने गोल गोल घासत होते आणि बाबा माझ्या डोक्यावरून सांगत होते, "दाबू नकोस, फिरव. चष्म्याची काच पुसतात तशी." तेवढ्यात फाटकात तुम्ही उभ्या. ताई, तुम्ही विचारलंत, "काय चाललंय?" मी म्हणाले, "काही नाही, सहज." ते सहज नव्हतं, म्हणून हे पत्र. (नमस्कार राहिलाच. तो इथे घ्यावा. गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे किती ठीक ते पुढे येईलच.)

तुम्ही येणार हे बाबांना आदल्या दिवशी कळलं होतं. गाडीवर ओरखडा दिसला तर किल्ली घेऊन जाईन, असं तुम्ही फोनवर म्हणालात, आणि तुमचे बंधू फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. (या प्रकरणात त्यांचा सहभाग एवढाच.) फाटकाच्या खांबाला गाडीची डावी बाजू किती वेळा लागली हे त्या खांबालाच ठाऊक. खांबावर गाडीचा निळा रंग होता, गाडीवर खांबाचा पांढरा. बाबा म्हणाले, "खांबच मुळात वाकडा आहे. सूनबाई, तू माझ्या बाजूची की तिच्या?" यावर सुनेने काय उत्तर द्यायचं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही कुणाची तरी सून आहातच.

मी पॉलिश आणलं. त्यात बारीक खरखरीत पूड असते, ती रंगाचा वरचा पापुद्रा घासून ओरखडा काढते. पण ते उन्हात लगेच सुकतं आणि फडकं जागच्या जागी अडतं. माझे दंड भरून आले. दुकानदाराने तोडगा सांगितला: त्यात थोडं ग्लेझ मिसळा, हात लोण्यासारखा फिरेल. ग्लेझ म्हणजे तेलकट मलम. ते ओरखडा काढत नाही, त्यात जाऊन बसतं, वर चकाकी आणतं आणि साबणाने धुतलं की निघून जातं. मिसळल्यावर हात खरंच फिरला. फक्त दोन्ही एकत्र झाली की कुठला ओरखडा गेला आणि कुठला नुसता बुजला, हे घासणाऱ्यालाही सांगता येत नाही. (माझं लग्न झाल्यापासून या घरात एकदाही भांडण झालेलं नाही. त्याचा मी घासता घासता थोडा विचार केला.)

तपासायचं काम बाबांकडे होतं. ते डोळे मिटून तळहात फिरवत आणि म्हणत, "गेला." मला वाटलं, बारीक कामाचा हात आहे, सवय असेल. मग दाराच्या मुठीखाली एक लांबलचक ओरखडा दिसला, मी अजून न घासलेला, अगदी त्यांच्या नाकासमोर. मी म्हणाले, "आणि हा?" त्यांनी डोळे उघडले. मी बोट ठेवलं होतं, त्याच्या वीतभर अलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती सावली आहे."

तुम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत, तेव्हा त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली, असं तुम्ही कौतुकाने सांगितलं होतंत. ताई, जन्मभर चष्म्याचं दुकान चालवणाऱ्याला तो तक्ता पाठ असतो. डॉक्टरांनी दिवा लावायच्या आधीच वाचला, हेही तुम्हीच सांगितलं होतंत. आपण सगळे हसलो होतो.

मागच्या आठवड्यात दुकानातून येताना त्यांनी एका सायकलीपासून हातभरावर गाडी थांबवली आणि ओरडले, "रस्त्यात सायकल कुणी लावून ठेवली?" मी फाटकात उभी होते. सायकलीवर शेजारची मुलगी बसलेली होती. हे पाहूनसुद्धा मी पॉलिश आणायला गेले.

तुम्ही गाडीभोवती फेरी मारलीत, डाव्या दारात पाहून केस सारखे केलेत आणि किल्ली खुंटीवरच राहू दिलीत. तुम्ही गेल्यापासून बाबा शीळ घालत आहेत.

आपली,
भावजय

ता. क. पुन्हा या. स्वतःच्या चष्म्याचं निमित्त करा, सोबत म्हणून बाबांना न्या, आणि डॉक्टरांना आधीच सांगून वेगळा तक्ता लावून घ्या. हे मी लिहिलं असं बाबांना कळू देऊ नका. मला याच घरात राहायचं आहे.

आणखी एक ता. क. आज सकाळी बाबांनी गाडी साबणाने धुतली. बरेचसे ओरखडे होते तिथे परत आले. बाबा डाव्या बाजूवरून तळहात फिरवत गेले, पुढून मागे, मग मागून पुढे. मुठीखाली थांबले. आत येऊन म्हणाले, "ग्लेझ जास्त घातलंस." मग म्हणाले, "तिला लिहिलंस ना? तक्ता बदलायला सांग. तो मला पाठ आहे." मी म्हणाले, "लिहिलंय." "वाटलंच," म्हणाले. तेव्हा वरचं निमित्त वगैरे सोडून द्या, नुसत्या या. किल्ली खुंटीवर आहे. बाबा दुकानात चालत गेले.