पोचूचं वळण

वरोरा,
७ जानेवारी २०२४

ती. कनीज आपास,
हाफिजचा सलाम वि. वि.

तुह्या गुडघ्याचं कसं आहे, ते पहिले लिव. तीस वर्सं इंजिनात बसून कान गेले, फोनवर तुहं अर्धंच समजते, म्हणून हे पत्र.

रूही सासरी गेल्यापासून तिची खोली रिकामी होती. तिथी म्या माही रेल्वे टाकून राह्यलो. मोठा प्लायवूडचा टेबल, त्याच्यावर बोटाएवढे रूळ, मुठीत मावते असं मालगाडीचं इंजिन. भिंतीले जुन्या गाद्या ठोकल्या अन् दोन स्पीकर लावले. स्टेशनावर उभं राहून गाड्यायचे आवाज रेकॉर्ड केले. इंजिन पुलावर चढलं की स्पीकरातून खडखडाट निंगते; मले तो स्पीकरच्या पेटीले हात लावला की समजते. बुढा पोरगा झाला म्हणशील. म्हण.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा धाकटा,
हाफिज


गडचिरोली,
१९ जानेवारी २०२४

चि. हाफिजमियाँस,
आपाचे अनेक दुवा.

गुडघा कुरकुरतो, पण चालतो. तुझी गाडी काही आज सुरू झालेली नाही. लहानपणी अम्मीच्या पिठाच्या डब्यांची मालगाडी करून तू सारं घर पांढरं केलं होतंस.

पण एक विचारते. रूही तुझी खोली पाहून आली. ती म्हणाली, अब्बूंनी टेबलभर रूळ टाकले, पण एक वळण सोडून दिलं आहे. गाडी तिथवर येते आणि उलटी फिरते. तिनं कारण विचारलं तर तू खोलीतून उठून गेलास. तिथं काय आहे, हाफिज? शाळेत पोरांचे चेहरे वाचण्यात माझा जन्म गेला. मला टाळू नकोस.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
आपा


वरोरा,
३० जानेवारी २०२४

ती. आपास,
सलाम वि. वि.

हे घरात कोणाले माहीत नाई. अकरा वर्सं झाली. सिंदेवाहीच्या जंगलातलं वळण घेतलं अन् रुळावर माणूस दिसला. वासराचा पाय रुळात अडकला होता, तो वाकून सोडवत होता. म्या ब्रेक मारला, भोंगा दाबूनच धरला. भरली कोळशाची गाडी, ती कुठी थांबते? वासरू सुटलं. माणूस नाई.

चौकशीत साहेबानं विचारलं, भोंगा दिल्यावर इसम हटला का. म्या म्हटलं, नाई हटला. तेवढंच लिवल्या गेलं, म्या सही केली. वासराचं त्यायनं विचारलं नाई अन् म्याही सांगतलं नाई. मले तिथून फक्त निंगाचं होतं. नाव पोचू होतं त्याचं.

त्या वळणाचे रूळ टाकाले हात जात नाई, आपा.

हे वाचूनही आपला समज.
हाफिज


गडचिरोली,
१६ फेब्रुवारी २०२४

चि. हाफिजमियाँस,
अनेक दुवा.

तुला न विचारता, सिंदेवाहीत चौकशी करून मी पोचूच्या गावी गेले. रागाव हवं तर. पोचूची बायको आशाबाई अंगणात धान पाखडत होती. ड्रायव्हर माझा भाऊ, असं सांगितल्यावर तिच्या हातातलं सूप थांबलं.

हाफिज, गावात अकरा वर्षं एकच बोललं जातं, की पोचूनं जीव दिला. सरकारी कागदात आहे म्हणे, भोंगा ऐकूनही हटला नाही. त्याच दिवशी सकाळी नवराबायकोचं भाजीवरून वाजलं होतं. तेव्हापासून लोक तिलाच दोष देतात, आणि ती स्वतःलाही. लेक दीपिकाची सोयरीक त्यावरून मोडली.

वासराचं मी बोलले नाही. ते तुझ्याच तोंडून तिला कळलं पाहिजे. ती पंचवीस तारखेला तुझ्याकडे येते आहे. पळू नकोस.

तुझ्या पाठीशी असलेली,
आपा


वरोरा,
२ मार्च २०२४

ती. आपास,
सलाम वि. वि.

ती आली, दीपिकाले घेऊन. म्या आदल्या दिवशी वळणाचे रूळ टाकले होते. तिले त्याच खोलीत बसवलं अन् बोट ठेवून दाखवलं: इथी पोचू होता, इथी वासरू, इथून माही गाडी आली. सारं झाल्यावर ती म्हणाली, की वासरू त्या सांजेले लंगडत घरी आलं होतं. तिनंच त्याच्या पायाले हळद लावली होती. घरात मयत होती, ते काऊन लंगडते हे कोण पाहते?

मग लय रडली. माफ केलं असं म्हणाली नाई, म्या मागतलंही नाई. जाताना एवढंच बोलली, की मले सांगून काय होते, गावाले सांगा.

बुधवारी गेलो. समाजमंदिरात गाव जमलं होतं. म्या उभं राहून सारं सांगतलं, कागदात काय सोडलं तेही. एक माणूस उठून ओरडला. मले ऐकू आलं नाई. दीपिकानं कानाशी येऊन सांगतलं, की तो विचारते, अकरा वर्सं कुठी होते? म्या म्हटलं, भेलो होतो.

तो पोचूचा मोठा भाऊ वारलू होता. भाऊ गेल्यापासून त्यानं वहिनीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. लोक उठले तसा तो सरळ तिच्या दारात जाऊन उभा राह्यला अन् मान खाली घालून पाणी मागतलं. आशाबाई आत गेली अन् पाण्याचा गडवा भरून आणला.

दुवा असू दे.
तुहा,
हाफिज